नावपट्टीवरचं आडनाव

काशीत अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या उतरताना ती केस मला आजही आठवते. आधी हसू येतं, मग येईनासं होतं.

मी तेव्हा नेपाळ सीमेवरच्या ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्या नाक्यावरचा हवालदार, माझ्यासारखाच काशीतला मराठी माणूस, तिन्हीसांजेला गाडीखाली चिरडून मेला. साक्षीदार नाही, गाडी बेपत्ता. वरच्यांनी अंदाज बांधला की ड्युटी सोडून रस्त्याकडेला झोपला असावा. तेच कायम झालं असतं, तर हुतात्म्यांच्या फलकावर त्याचं नाव लागणार नव्हतं. महिन्याभराने त्याच्या बायकोचा जबाब घ्यायला मी काशीला आलो. वहिनी म्हणाल्या, "घरी ते दुपारचेसुद्धा कधी आडवे झाले नाहीत." कागदावर याला किंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन आला. मामा घाटावर भिक्षुकी करतो. हवालदाराचं दहावंही त्यानेच केलं होतं.

"अरे, तुझ्या हवालदाराला पिंड द्यायला कुणी परका आलाय. हिंदीवाला. मेलेल्याचं नुसतं आडनाव सांगतो, तेच तुझ्या हवालदाराचं; नाव-गोत्र काही नाही. मी संकल्प लांबवतो, तू ये."

साध्या कपड्यांत पोचलो, तेव्हा मामा कुठल्याच पोथीत नसलेल्या नद्यांची नावं घेत होता आणि तो माणूस निमूटपणे सातव्यांदा आचमन करत होता. मी पुढचा यजमान असल्यासारखा शेजारी बसलो. मामाने सहज विचारलं, मरण कसं आलं?

"गाड़ी से. हाथ उठाए खड़े थे."

तिथूनच उठवून घाटाजवळच्या ठाण्यात नेलं, चहा पाजला. गाडीचा विषयच काढला नाही. आडनाव कुठून कळलं, एवढंच विचारलं. वर्दीवर लिहिलं होतं, म्हणाला. मग मी विचारलं, पट्टी वाचता यावी इतक्या जवळ तू काय करत होतास? त्याने चहाचा मातीचा कुल्हड खाली ठेवला.

"साहब, लगा हट जाएँगे. वो हटे ही नहीं."

गाडीत चोरटा माल होता. ते आडनाव मराठी, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून पठ्ठ्याने मराठी भटजी शोधला होता! पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेलं. त्याने दाखवलेल्या गॅरेजात पिकअप सापडली. बंपरला आमच्या नाक्यावर गाड्या अडवायच्या आडव्या दांड्याचा रंग होता.

नोकरीभर मी पळणाऱ्यांच्या मागे धावलो. हा मात्र परत का आला, याचं कुतूहल अजून आहे. वाचलेलं नाव माणसाला सोडत नसावं.

फलकावर नाव लागलं त्या दिवशी वहिनींनी विचारलं, "त्या गाडीवाल्याचं पिंडदान पुरं झालं होतं?"

मी म्हटलं, नाही, अर्ध्यातूनच उठवलं.

"मग मामांना सांगा, उरलेलं करा. तो आला नसता, तर हे रस्त्याकडेला झोपलेलेच राहिले असते."