रुपचंद सरांचे ठोकळे

जळगावला बस स्टँडजवळ एका मेडिकल दुकानाच्या वर रुपचंद सरांची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. जिना इतका अरुंद की वरून कोणी येत असेल तर खालच्यानं रस्त्यावर परत जायचं. बोर्ड मात्र शेजारच्या दुकानापर्यंत पसरलेला. त्यावर सरांचा कोटातला फोटो, हाताची घडी घातलेला. घडी का, हे मला फार उशिरा कळलं.

मी आठ वर्षांपूर्वी तिथे टायपिंग शिकलो आणि डिप्लोमा झाल्यावर तिथलेच कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागलो. त्यामुळे सरांचं मोठेपण मी जवळून पाहिलं आहे. सर मूळचे पारोळ्याचे. तरुणपणी टाइपरायटर मशीनवर मिनिटाला साठ शब्दांचा वेग होता, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या कोणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा सरांची बावीस मशीन भंगारात गेली. मशीन गेली, पण सर मशीनवरून उठले नाहीत. कीबोर्ड टेबलावर सपाट पडलेला बघून त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी सुतार बोलावला, उतरते लाकडी ठोकळे करून घेतले आणि टेबलांना स्क्रूनं पक्के केले. त्यावर कीबोर्ड ठेवला की मागची बाजू चार बोटं वर. टाइपरायटरसारखा चढ. याला ते ‘आमची पद्धत’ म्हणत.

पद्धतीचा दुसरा भाग म्हणजे आवाज. "बटण दाबू नका, मारा. वरच्या मजल्यावर ऐकू गेलं पाहिजे." वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी आणि कबुतरं होती. शाईच्या फितीतून कागदावर अक्षर उठवायला जोर लागायचा. कीबोर्डला बोट टेकलं तरी पुरतं. पण ऐकणार कोण? दर महिन्याला दोन-तीन कीबोर्ड मरायचे आणि सर मला म्हणायचे, "माल हलका येतो हल्ली."

मुलांचे हात काही मी दुरुस्त करत नव्हतो, म्हणून तिकडे माझं लक्ष नव्हतं. एसटीला हात दाखवताना मनगट मागे वळतं ना, त्या ठोकळ्यावर ते तसंच वळून राहायचं, आणि तसंच तासभर बोटं आपटायची.

प्रज्ञा मुक्ताईनगरची. दिवसभर केळीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर भरायची, आठ तास. संध्याकाळी सरांकडे दोन तास. लिपिकाच्या जागेची लेखी परीक्षा ती पास झाली होती. धुळ्याला टायपिंगची चाचणी उरली होती, मिनिटाला तीस शब्द. ती हुकली तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला, आणि आधीची जाहिरात सहा वर्षांनी आली होती.

चाचणीला चोवीस दिवस असताना ती मध्येच थांबली.

"सर, अंगठा आणि दोन बोटं बधिर होताहेत. पाच मिनिटं थांबू?"

"थांब ना. धुळ्यालाही सांग, पाच मिनिटं थांबा म्हणून."

वर्ग हसला. सर माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं नाटक शे." मग तिच्याकडे बघत, "घरी भाकरी थापताना नाही दुखत. इथं दुखतं."

"भाकरी पण थापता येत नाही सर आता. आईच थापते."

"मग आईलाच पाठव परीक्षेला."

एवढं बोलून सरांनी उपचार सांगितला: बाम चोळायचा, मनगटाला पट्टी करकचून बांधायची आणि अर्धा तास जास्त बसायचं. दुखणारा हात वापरला की सुटतो म्हणे. प्रज्ञानं हे सगळं आठवडाभर मनापासून केलं, कारण ती त्यांना सर म्हणत होती. वेग अडतीसवरून सव्वीसवर आला. झोपेतून उठून हात झटकावा लागायला लागला.

मी तिला फिजिओथेरपीवाल्या मृणाली मॅडमचा पत्ता दिला. मॅडमनी मनगट ठोकून, वाकवून पाहिलं. बसायची जागा कशी आहे विचारलं. प्रज्ञानं मोबाइलवर ठोकळ्याचा फोटो दाखवला. मॅडम आधी हसल्या, मग हसल्या नाहीत.

करकचून बांधलेली पट्टी पहिली काढली. कीबोर्ड सपाट, खुर्ची एवढी उंच की कोपर बटणांच्या पातळीला, मनगट सरळ, बोटं हलकी. दर अर्ध्या तासानं हात उचलून मांडीवर ठेवायचे. झोपताना मनगट सरळ धरणारा मऊ पट्टा. महिन्यात बधिरपणा उतरला नाही तर हाडाच्या डॉक्टरांकडे जायचं. शेवटी त्यांनी अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहिला. "हा अजून भरलेला आहे. दुखणं अंगावर काढलं तर बऱ्याच वर्षांनी हा बसतो. बसला की सहसा भरत नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर प्रज्ञानं मला विचारलं, "दादा, सरांचा उजवा हात बघितलाय तुम्ही?"

आठ वर्षं बघत होतो. त्या संध्याकाळी नीट बघितला. अंगठ्याखाली उंचवट्याच्या जागी चमच्यासारखा खड्डा होता. मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. बोर्डावरच्या फोटोत हाताची घडी. प्रमाणपत्रावर सही न करता सर रबरी शिक्का मारतात, तो मोठेपणा म्हणून नव्हे, पेन धरवत नाही म्हणून. चहाचा कप डाव्या हातात. टेबलावर आपटायची पट्टीही डाव्या हातात. आणि आठ वर्षांत मी या माणसाला एक ओळ टाइप करताना पाहिलेलं नव्हतं.

ज्याला माहीत नाही, त्याला मी अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. याला माहीत होतं. हात कुठे जाऊन पोचतो हे रोज स्वतःच्या तळव्यावर बघून यानं बावीस ठोकळे ठोकले आणि पोरीच्या दुखण्याला नाटक म्हटलं.

प्रज्ञानं क्लास सोडला. ट्रान्सपोर्ट ऑफिसातली खुर्ची बुटकी होती, म्हणून केळीच्या घडांना गुंडाळायच्या फोमच्या शीटांची चवड घालून ती वर बसली. आठ दिवस सरावाला हातच लावला नाही, आणि तेच तिला सगळ्यात अवघड गेलं. नंतर वेग सत्तावीस, एकोणतीस, बत्तीस. धुळ्याला कीबोर्ड सपाटच होता. तिचे चौतीस शब्द भरले.

निकाल लागल्याच्या चौथ्या दिवशी बोर्डावर प्रज्ञाचा फोटो झळकला, सरांच्या कोटाला लागून. ‘आमच्या पद्धतीचे यश.’ ती जिना चढून वर गेली. मी एका टेबलाखाली वायर जोडत होतो.

"ये, ये," सर म्हणाले. "बघ, घासून घेतलं म्हणून झालं की नाही?"

"सर, फोटो ठेवायचा असेल तर ठेवा. ठोकळे काढा. नाहीतर ठोकळे ठेवा, मी फोटो काढून नेते. आणि का नेला, ते खाली मेडिकलमध्ये सांगत बसते."

सरांनी विचार करायला फारसा वेळ घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मीच स्क्रू काढले. नव्या बॅचला सर सांगू लागले, "मनगट सरळ पाहिजे. ही आमची पद्धत." ठोकळे जिन्याच्या तोंडाशी रांगेनं मांडले आहेत. पोरं त्यावर चपला काढतात.

महिन्याभरानं दुपारी वर्ग रिकामा असताना सरांनी मला थांबवलं.

"तो झोपताना बांधायचा पट्टा कुठे मिळतो रे?"

"कोणासाठी?"

"विद्यार्थ्यांसाठी. असावा क्लासमध्ये."

"किती आणू?"

"एकच आण." मग जरा थांबून, "उजव्या हाताचा."

मी आणून दिला. त्यांनी घ्यायला डावा हात पुढे केला.

"सर, एवढ्या जुन्या दुखण्याला पट्ट्यानं भागत नाही. डॉक्टरांना दाखवा."

"विद्यार्थ्यांसाठी आहे म्हटलं ना," सर म्हणाले आणि पट्टा कपाटात ठेवून कपाट डाव्या हातानं बंद केलं.