पोरगी असल्याची खात्री

“सलवार काढ आणि टेबलावर झोप.”

डॉक्टर मोबाईलकडे बघतच बोलले. नागपूरच्या रामदासपेठेतलं हॉस्पिटल, तपासणीची खोली. पडदा होता, पण तो पुरता सरकत नव्हता. फटीतून माझे कोच सर दिसत होते. त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती. तेवढीच त्यांची माणुसकी.

मी एकोणीस वर्षांची होते. माझा गुडघा दुखायचा. एक्स-रे काढू म्हणून सरांनी मला तिथं नेलं होतं. गुडघ्याला कोणी हात लावला नाही.

नर्सनं माझे दोन्ही हात दाबून धरले. मी ओरडले नाही. छताकडे बघत राहिले. डॉक्टरांचं काम झालं. त्यांनी हातमोजे काढून बादलीत टाकले आणि तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.

“अरे, मुलगीच आहे. हो, हो. बघितलं ना मी.”

हसले. पलीकडूनही कोणीतरी हसलं. मी अजून टेबलावरच होते.

बाहेर बाकड्यावर माय बसली होती. पोरीला दवाखान्यात नेऊन राहिले म्हटल्यावर मौद्याहून एसटीनं धावत आली होती. डॉक्टर बाहेर आले तशी ती उभी राहिली.

“डॉक्टरसाहेब, पोरगी बरी हाये ना माही?”

“नॉर्मल आहे.”

मायनं हात जोडले. वाकून जोडले. म्हणाली, “लय उपकार झाले.”

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

फोनवर कोण होतं ते पुढच्या आठवड्यात कळलं. ईशाचे वडील. ईशा माझ्याबरोबरच शंभर मीटर धावायची. तिचे वडील मोठे बिल्डर, आणि पोरी निवडणाऱ्या समितीवरही तेच. राज्याच्या निवड चाचणीत मी ईशाला मागं टाकलं होतं. त्याच दिवशी ते सरांना म्हणाले होते, हिचे खांदे बघा, आवाज बघा, ही पोरगी असूच शकत नाही. हे मला सरांनीच सांगितलं. चहा पिता पिता, गंमत म्हणून. आणि वर ईशाच्या वडिलांचं आणखी एक वाक्य: “ह्यांच्यात बाई काय नि पुरुष काय, सगळे सारखेच राकट.”

ह्यांच्यात. म्हणजे आमच्यात. माझ्या आज्यानं नागपुरात दीक्षा घेतली, जुनं सगळं टाकून माणूस झाला. पण ह्यांच्या तोंडी आम्ही अजून ‘ह्यांच्यात’च.

डॉक्टरनं पोरगी म्हटलं तरी मैदानानं म्हटलं नाही. बातमी पसरली होती. मी कपडे बदलायला खोलीत गेले की कोणीतरी म्हणायचं, “थांब, आम्ही बदलतोय.” मग हसू. मी संडासात उभी राहून कपडे बदलू लागले. वर्षानुवर्षं. ओल्या फरशीवर एका पायावर तोल सांभाळत.

पण धावत राहिले. इनडोअरची साठ मीटर शर्यत माझ्या अंगाला बसली. छपराखालची शर्यत. नागपुरात तसं छप्पर नाही. मी उन्हातच बंदुकीच्या ठोक्यावर सुटायचा सराव केला. साठ मीटरमध्ये चूक भरून काढायला जागा नसते. सुटताना जरा अडखळलं की शर्यत गेली. मला ते आवडायचं. तिथं खांदे कोणाचे, जात कोणाची, हे बघायला कोणाला वेळ नसतो असं वाटायचं.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी माझी निवड झाली. त्याआधी नियमाप्रमाणे पोरगी असल्याची तपासणी झाली. गालाच्या आतून कापूस फिरवतात, झालं. सगळ्या पोरींची करतात. कपडे उतरवत नाहीत, कोणी हसत नाही. माझ्यात काही निघालं नाही. मला वाटलं, संपलं आता.

संघाबरोबर अधिकारी म्हणून ईशाचे वडील आले होते.

त्या शहरात बाहेर बर्फ होता आणि आत हॉलमध्ये उकाडा. देशोदेशीच्या पोरी अंग मोकळं करत होत्या. खिळ्यांच्या बुटांचा टकटकाट. थोड्याच वेळात माझी शर्यत पुकारणार होते. ईशाचे वडील आमच्या फिजिओ मॅडमला घेऊन आले.

“दोन मिनिटांचं काम आहे,” ते म्हणाले. “मॅडम आत बघून घेतील. परदेशात कोणी बोट दाखवायच्या आधी आपणच खात्री केलेली बरी. देशाची नाचक्की नको.”

मॅडम जमिनीकडे बघत होत्या.

मला तो पडदा दिसला. डॉक्टरचं हसू ऐकू आलं. आणि पाय उचलला. खरं सांगते, पाय आपोआप उचलला. मी त्यांच्यामागं निघाले होते. इतकी सवय लावली होती मला. चार पावलं गेले आणि थांबले.

“नाही येत.”

“काय?”

“नाही येत म्हटलं. काहून येऊ? तपासणी झाली माही. आधी तुमच्या पोरीले टेबलावर झोपवा. तिले कोणी पायलं?”

सरांशी, साहेबांशी मी कायम शुद्ध बोलायचे. त्या दिवशी मायची भाषा आली. मोठ्यानं आली. आजूबाजूच्या पोरी वळून बघायला लागल्या. त्यांना शब्द कळत नव्हते. पण बाईच्या अंगावर कोणी येतं तेव्हा ती कशी उभी राहते, हे सगळ्या देशांतल्या पोरींना कळतं.

“आवाज खाली,” ते म्हणाले. “परत गेल्यावर तुझं सराव शिबिर संपलं समज.”

“संपू द्या.”

मी धावायला गेले. आणि इथं तुम्हाला वाटेल की मी जिंकले. नाही. रागानं माणूस जोरात धावतो हे खोटं आहे. रागानं खांदे आखडतात. ठोका पडला आणि मी मागं राहिले. मागंच राहिले. साठ मीटर संपल्यावर समोरच्या भिंतीला जाड गादी लावलेली असते. तिच्यावर जाऊन आदळले. पहिल्याच फेरीत बाहेर. ज्या शर्यतीसाठी सगळं सोसलं, ती त्यांनी सुरू होण्याआधीच खाल्ली होती.

शिबिराला मला पुन्हा बोलावलं नाही. सर म्हणाले, माफी माग, मी बोलतो. मी फोन ठेवला.

मग मायला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. मग विचारलं, “म्हणजे मी त्याले हात जोडले, तवा तो हे करून आला होता?”

“हो वं माय.”

त्या दिवशी ती जेवली नाही. रडलीही नाही. मी जेवले नाही तर मात्र रागावली. म्हणाली, “तू काहून उपाशी राहतं? तू काय केलं?”

गेल्या महिन्यात सरांचा पुन्हा फोन आला. कळमेश्वरची एक पोरगी आहे, चारशे मीटर छान धावते. तिच्यावरही तसाच संशय घेतलाय, समितीनं. पोरगी घाबरली आहे.

“तू जरा समजावून सांग तिला,” सर म्हणाले. “तुला अनुभव आहे. दोन मिनिटांत होतं.”

मला अनुभव आहे.

मी कळमेश्वरला गेले. त्या पोरीला आणि तिच्या मायला समोर बसवलं आणि त्या खोलीत काय झालं ते सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. पोरगी म्हणाली, “ताई, नाही गेली तर काढतील ना मले?”

“काढतील,” मी म्हणाले. “तरी जाऊ नको.”

ती गेली नाही. तिला काढलं.

दुसऱ्याच दिवशी मी पोलिसांत तक्रार दिली. कोचवर, डॉक्टरवर, ईशाच्या वडिलांवर. ठाण्यातला साहेब म्हणाला, विचार कर बाई, कोर्टात सगळ्यांसमोर एकेक गोष्ट विचारतील, लग्न व्हायचंय तुझं. वकीलही म्हणाले, वर्षं जातील.

जाऊ देत. मला विचारा. मी प्रत्येक गोष्ट सांगीन. तिथं ते तिघेही समोर बसलेले असतील. लाज मी खूप वर्षं सांभाळली. ती माझी नव्हतीच. आता ज्याची त्यानं घेऊन जावी.