‘तडी’ नावाची फाइल

भुताखेतांची टिंगल करण्यात माझा हात धरणारा हुबळीत सापडायचा नाही. विद्यानगरात माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे. दाराला लिंबू-मिरचीसुद्धा नाही. तरी हे लिहितोय...

गेल्या श्रावणातली, भर दुपारची गोष्ट. गोकुळ रोडवर सुमनअक्कांचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी लेथ मशीनपाशी उभ्या उभ्या गेले. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. तेव्हापासून अक्काच सगळं बघतात. मशीन चालवणारा जुना कॉम्प्युटर आठवडाभर सुरू होत नव्हता, आणि दुसरी कुठली रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, तो घेत नव्हता. आज जमलं नाही तर मशीन विकून वर्कशॉप बंद करायचं, गिऱ्हाईक चार वाजता येणार, असं अक्कांनी आधीच सांगितलं होतं.

रॅमच्या पट्टीवर एक बारकी चिप असते — पट्टीने किती वेगाने चालायचं, ते आकडे तिच्यात लिहिलेले असतात. त्यातलेच काही बिघडले असावेत. पट्टी चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या रीडरला लावायची, लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममधून आधी ‘रीड’ करून कॉपी ठेवायची, मग दुरुस्ती. मी शहाण्याने घाईत ‘राइट’ दाबलं. कोरी फाइल चिपवर गेली, जुने आकडे पुसले गेले. कॉपी नाहीच.

अक्कांना खरं ते सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाणी पिऊन बघतो, तर फोल्डरमध्ये एक फाइल. वेळ माझ्या चुकीच्या दोन मिनिटं आधीची. आत याच पट्टीचे आकडे, स्टिकरवरच्या सिरियल नंबरसकट... आणि बिघडलेले आकडे दुरुस्त केलेले. नाव इंग्रजी अक्षरांत — ‘तडी’. म्हणजे कन्नडमध्ये ‘थांब’. प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, मात्र माझं ते एकच ‘राइट’; ‘रीड’ कुणी केलंच नव्हतं.

तीच फाइल चिपवर लिहिली. कॉम्प्युटर सुरू झाला, मशीन फिरलं. अक्कांना नाव वाचून दाखवलं, तर त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

“घाई करणाऱ्याला आमचे हे असंच म्हणायचे रे, तडी, तडी,” त्या म्हणाल्या. “जाताना मात्र एक शब्द बोलले नाहीत. दोन वर्षं मी त्यावरून भांडतेय त्यांच्याशी.”

मग डोळे पुसून त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

लॅपटॉप मी दोन जाणकारांना दाखवला. ती फाइल कुठून आली, त्यांना सांगता आलं नाही, मलाही नाही. माझ्या हातून जे बुडणार होतं ते कुणीतरी वाचवलं — त्या माणसाचे मी मनापासून आभार मानतो, बस्स.

परवा अक्कांना विचारलं, अजून भांडता का त्यांच्याशी?

“नाही रे,” म्हणाल्या. “आता बोलतो आम्ही.”