हंड्यातला दरवाजा

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरची लूटमार पाहिली. त्यातलं बरंचसं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलंय. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हेही चटकन सांगता येत नाही. धुळ्यातल्या एका घरातून गेलेली कानबाईची नथ मात्र आजही जशीच्या तशी आठवते. खरं तर किरकोळ चोरी, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नव्हत्या. नावं देत नाही. माणसं अजून त्याच गावात राहतात.

श्रावण होता. निवृत्ती जवळ आली होती आणि मी मनानं आधीच निम्मा निवृत्त झालो होतो. सणांचा बंदोबस्त, वरून रोजचे फोन, कमी पडणारं मनुष्यबळ, सगळ्याचा कंटाळा आला होता. अशात एका सकाळी ठाणे अंमलदारानं एका म्हातारीला माझ्यासमोर आणून बसवलं. सोबत तिचे दोन मुलगे. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणतो.

आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ घालायची, लुगडं नेसवायचं, भाऊबंदांनी मिळून रोट खायचे. अक्काच्या घरची नथ तिच्या सासूच्या सासूपासूनची. देवघराखालच्या पितळी डबीत असायची. आदल्या सकाळी ती जागेवर होती; संध्याकाळी अक्कानं देवीच्या तयारीसाठी डबी उघडली, तर आत नुसता कापूस.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"दुपारले घरमा दुसरं कोनी नव्हतं," अक्का म्हणाली. "हाईच व्हती."

हाई म्हणजे धाकटी सून. थोरल्यानं मान हलवली. धाकटा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, टेबलावरच्या काचेकडे बघत बसला. अक्का पुढे म्हणाली की नथ निघेपर्यंत तिला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि तिनंच घेतली असं निघालं तर कायमचीच माहेरी धाडणार. त्या वेळी सून शेजारणीकडे पडवीत बसून होती. फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला.

मी स्वतः जाऊन स्वयंपाकघराचा पंचनामा केला. खिडकीशी काळ्या दगडाचा ओटा. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीमागे दरवाजा आणि त्याला लागून देवघर. कडीकोयंडा शाबूत. बाहेरचा माणूस आलाय असं काही दिसत नव्हतं.

त्याच दिवशी समोरच्या घरातले एक नाना ठाण्यात आले. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, ती बाई डोक्यावरून काळं कापड घेते आणि भांडीकुंडी, दागिने, सगळ्याचे फोटो काढून बाहेर पाठवते. आमच्या खिडकीतून दिसतं ना."

"दागिन्यांचे फोटो तुम्ही पाहिलेत?"

"आता दागिने म्हणजे... चकाकत होतं काहीतरी."

आमच्या धंद्यात खबर अशीच येते. तिच्यातलं पाणी आपल्यालाच काढावं लागतं. पण दुर्लक्षही करता येत नाही. सुनेला बोलावलं, महिला हवालदाराला शेजारी बसवलं, तिच्या संमतीनं मोबाईल उघडला.

दागिना एकही नाही. तांब्या, समई, स्टीलचा डाव, पाण्याचा पेला, लिंबं, वांगी, केळी. काही वस्तू काळ्या दगडावर ठेवलेल्या, खाली त्यांचं उलटं प्रतिबिंब, इतकं स्वच्छ की मोबाईल फिरवला तरी वर-खाली कळू नये. आमची हवालदार बाई फोटो बघता बघता चौकशी विसरली.

"याचं करता काय?" मी विचारलं.

"काही नाही. आवडतं."

"आणि काळं कापड?"

इथं ती पहिल्यांदा नीट बोलली. "चकचकीत भांड्याचा फोटो काढायला गेलं की भांड्याआधी आपणच दिसतो साहेब. मोबाईल, हात, तोंड. म्हणून अंगावरून काळं कापड घ्यायचं, मोबाईलपुरतं भोक ठेवायचं. खिडकीला पांढरं धोतर लावायचं, म्हणजे उजेड मऊ येतो. एवढं करूनही काही राहिलंच, तर नंतर मोबाईलमध्ये पुसायचं."

नथीचं विचारलं की मात्र गप्प. घेतली नाही म्हणाली, एवढंच. कोणावर संशय? नाही. कोणी आत आलं होतं? माहीत नाही. नथ गेली त्या दुपारी ती ओट्याशी फोटोच काढत होती. सणासाठी अक्कानं सगळं पितळ चिंचेनं घासून घेतलं होतं, हंडा आरशासारखा झाला होता, म्हणून.

चौकशीत खोटं बोलणारी माणसं बडबड करतात. ही खोटं बोलत नव्हती. ही काहीतरी धरून बसली होती. दोन्हींत फरक असतो आणि तो शिकायला मला अर्धी नोकरी लागली. संध्याकाळ व्हायच्या आत तिला सोडलं, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं. नवरा दोन्ही दिवस तिच्याबरोबर येई. बाहेरच्या बाकावर बसे, टपरीवरून तिच्यासाठी चहा आणे. आमचे शिपाई म्हणत, बिचारा किती करतो बायकोचं. मलाही ते बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे फोटो मी पुन्हा चाळत बसलो. खरं सांगायचं तर तपास पुढे सरकत नव्हता, म्हणून. बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. ओट्यावर काढलेल्या प्रत्येक भांड्याच्या पोटात ते स्वयंपाकघर वाकडंतिकडं होऊन बसलेलं असे. मधोमध काळं, ते तिचं कापड. एका कडेला खिडकी, दुसऱ्या कडेला दरवाजा. तांब्यात होतं, समईच्या बुडात होतं. त्या दुपारच्या हंड्यात खिडकी होती, काळं होतं, आणि दरवाजा नव्हता. तिथं नुसता पिवळा गुळगुळीत पट्टा.

मी पंचनामा केला होता. त्या खोलीला दरवाजा आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

फोटो तिच्यासमोर धरला. "तुम्ही स्वतःला पुसता म्हणालात. या हंड्यात तुम्ही कापडाखाली आहात. मग दरवाजात कोणाला पुसलं?"

तिचा चेहरा पडला. हवालदार बाईनं पाणी दिलं, तेही घेतलं नाही.

मोबाईलमध्ये तिच्या थोरल्या बहिणीशी रोजचं बोलणं होतं. त्या दुपारच्या जागी एक मेसेज नंतर हटवलेला दिसत होता. बहीण पहूरला दिलेली. मी तिला फोन लावला, ओळख दिली, आणि धाकटीनं पाठवलेल्या हंड्याच्या फोटोचं विचारलं.

"तो का?" ती म्हणाली. "तिनं हटवला नंतर. पण मी आधीच मोबाईलवर लावेल आहे ना. उघडला की तोच दिसतो. एवढा छान हंडा, म्हटलं राहू द्यावा. काय झालं साहेब?"

तिला धुळ्यात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. ऐकल्यावर तिनं पुढची एसटी पकडली आणि दुपार कलायच्या आत ठाण्यात हजर झाली. मोबाईल टेबलावर ठेवून म्हणाली, "घ्या, बघा."

फोटो मोठा केला. हंड्याच्या कडेला दरवाजा होता. दरवाजाला लागून देवघर, आणि देवघराखाली वाकलेला एक माणूस. चेहरा ताणला गेलेला, ओळखू येण्यासारखा नाही. पण करड्या शर्टाच्या बाहीवरचा नारिंगी पट्टा स्पष्ट होता. कंपनीचा गणवेश. तोच शर्ट घालून धाकटा त्या क्षणी बाहेर बाकावर बसला होता.

कापडाखाली शिरलेल्या बायकोला मागचं काही दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बायकोसमोर काय ठेवलंय, याचा विचार त्यानं केला नाही.

सून आता बोलू लागली. आवाज अगदी सपाट होता. "बहिणीला फोटो पाठवला तेव्हा मी नीट पाहिला नव्हता. संध्याकाळी साफ करायला बसले, तेव्हा हे दिसले."

"त्यांना विचारलं नाही?"

"नाही. वाटलं, परत ठेवून देतील. मग आईंनी माझं नाव घेतलं. तेव्हा वाटलं, आता बोलतील. तुम्ही इथं बोलावलं. वाटलं, आता तरी बोलतील." ती थांबली. "त्यांनी चहा आणला."

मी उठून दार उघडलं.

धाकट्याला आत घेतलं. फोटो दाखवल्यावर त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. भाऊ वेगळे निघणार होते. त्यांच्यात वाटणी झाली की कानबाई थोरल्याच्या घरी जाते, आणि कानबाईबरोबर नथ. देवी गेली तरी निदान नथ आपल्या घरात राहावी, असं त्याच्या मनात आलं. लहानपणापासून देवीची सगळी उस्तवार यानं केली आणि घेऊन जाणार थोरला, हे त्याला सहन होत नव्हतं. ऐकून मला त्याचा रागही धड येईना.

"आणि बायकोचं नाव आलं तेव्हा?"

"आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो साहेब." मग जरा धीर येऊन म्हणाला, "तिनं घेतलीच नव्हती, मग तिच्यावर सिद्ध काय होणार होतं?"

तेव्हा मात्र राग आला. मी त्याला उठून उभं राहायला सांगितलं आणि नथ कुठंय ते विचारलं.

नथ कंपनीतल्या त्याच्या कपाटात, डब्याच्या पिशवीत सापडली. पंचांसमक्ष जप्त केली. अक्काला आणि थोरल्याला बोलावून सगळं सांगितलं, फोटो दाखवला. अक्कानं मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. सून समोरच उभी होती. मला वाटलं, म्हातारी आता तिचा हात धरील.

अक्का माझ्याकडे वळली. "मन्हा पोऱ्या शे साहेब, चुकना. पन हिनी फोटू कसाले काढा?"

ठाण्यात दंगल झालेली पाहिली आहे मी, पण ‘फोटो कशाला काढला’ या तिच्या वाक्याइतकं काही अंगावर आलं नव्हतं. थोरला म्हणाला, जाऊ द्या साहेब, घरातली गोष्ट आहे, देवी बसायची आहे. पुरवणी जबाब झाला: नथ घरातल्याच माणसाकडे होती, तक्रार गैरसमजातून दिली. कागदपत्रं नंतर कोर्टात गेली, नथ रीतसर परत मिळाली. त्या संध्याकाळी ठाण्यात मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. धाकटा बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाला, "चाल, घर जाऊत. रोटंसनी तयारी करनी शे."

तिनं बहिणीच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. "तुमी जा," ती म्हणाली. "मी ताईकडे जास."

रडणं नाही, आवाज चढवणं नाही. दोघी बहिणी ठाण्याच्या फाटकातून बाहेर पडून स्टँडकडे चालू लागल्या. तो तिथंच उभा. अक्का त्याला म्हणत होती, येईल दोन दिवसांनी, जाते कुठं. ती आली नाही. पुढे मला कळलं ते एवढंच.

लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीनं काय शिकवलं? मोठमोठ्या गुन्ह्यांनी फारसं काही शिकवलं नाही. खून करणारा बहुतेक वेळा साधा संतापलेला माणूस असतो. या घरानं मात्र एक शिकवलं आणि ते शिकून मी थकलो. त्या माणसानं नथ उचलली, त्याला आमच्याकडे कलम होतं आणि गुन्हा नोंदवताना ते मी लावलंही होतं. बायको आत जबाब देत असताना तो बाहेर बाकावर चहाचा पेला धरून गप्प बसला, त्याला कुठल्याच पुस्तकात कलम नव्हतं. तिचं घर मोडलं ते त्या दुसऱ्या गोष्टीपायी.