सरांनी परत मागितलेली चिठ्ठी

"तोंडानं सांगू नकोस, करून दाखव." आमच्या सरांचं हे बोलणं शाळेच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. दहावीनंतर काय करायचं, ते सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. मी त्याच शाळेत शिपाई. सगळे मला मावशी म्हणायचे, सरसुद्धा.

इतर शाळांत या कामाला तक्ते लावतात, पाहुणे बोलावतात. सरांचं तसलं काही नव्हतं. शनिवारी शाळा सुटली की जिन्याखाली स्टूल टाकून बसायचे. दहावीच्या पोरांनी एकेक करून यायचं आणि घरी जे काम करतो ते त्यांच्यापुढं करून दाखवायचं. कुणी पंक्चर काढून दाखवी, कुणी भाकरी थापी. मग सर चिठ्ठीवर कोर्सचं नाव लिहून द्यायचे.

एकदा एक पोरगा म्हणाला, "सर, मी धार काढतो. म्हस आणू काय?"

"आण की!" सर म्हणाले.

त्यानं खरंच आणली हो! फाटकातून म्हैस आत, हेडमास्तर बाहेर, आणि शेण काढायला मी. धार काढता काढता पोरगं म्हणालं, "सर, हिचा ह्यो सड सुजलाय, आज एवढंच दूध." सरांनी तिथंच जनावरांच्या डॉक्टरकीच्या कोर्सची चिठ्ठी लिहून दिली. आज तो जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. म्हणजे पद्धत काही वाईट नव्हती, हे आधी सांगून ठेवते.

एका वर्षी हुपरीहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. घरी चांदीच्या पैंजणांचं काम. तिनं सरांपुढं बसून बारीक कड्या अशा भराभर जोडल्या, की मी झाडू हातात धरून बघतच राहिले. सर खूश! "बोटं बघा मावशी हिची!" लगेच दागिने घडवायच्या कोर्सची चिठ्ठी. पोरीनं मान हलवली, चिठ्ठी घेतली आणि गेली.

दोन दिवसांनी ती पाण्याच्या टाकीमागं बसलेली दिसली. डबा उघडलेला, खाल्लेलं काही नाही.

"काय गं?"

"मावशी, सात वर्साची असल्यापासनं कड्या जोडालोय. त्यातनं सुटायला शाळा धरली. आता सरांनीबी त्येच लिवून दिलं. बाबांनी चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवलीया. आईतवार झाला की फारम भरनार."

मी जाऊन सरांना सांगितलं. ते चिडले. "मावशी, वीस वर्सं करतोय मी हे!" मीही काही गप्प बसले नाही. म्हटलं, "वीस वर्सांत एकदा तरी इचारलं काय, हे काम आवडतंय काय म्हणून?" सरांनी जिन्याखालचं स्टूल उचललं आणि आत गेले.

शनिवारी जिन्याखाली कुणीच नव्हतं. सर फाटकात उभे. "चला मावशी, हुपरीला जाऊन येऊ."

एसटीत सर सगळी वाट खिडकीबाहेर बघत बसले.

मुलीचे वडील कामावरूनच उठले. हात पालिशनं काळे. "या सर, बसा! तुमची चिठ्ठी देवाजवळ हाय बगा."

"ती परत द्या," सर म्हणाले.

"का वो?"

"चुकीची हाय. मी पोरीला इचारलंच न्हाई."

"तिला काय कळतंय? हात बगितलासा न्हवं तिचे?"

"तेवढेच बघितले." मग सर मुलीकडं वळले. "सांग बाळ. काय करू वाटतंय?"

ती दाराला टेकून उभी होती. "रस्त्याला जमीन मोजायला मानसं आलती, तीन पायाचं यंत्र घिऊन. त्ये. घरात बसायचं न्हाई मला."

"आनि हितलं काम कोन करनार?" वडील सरांना म्हणाले. ओरडले नाहीत, सरळ विचारलं.

सरांनी खाली सांडलेल्या दोन कड्या उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. "तरीबी चिठ्ठी द्या," म्हणाले.

वडील खाली बसले, पुन्हा पालिशला हात घातला. तेव्हा मुलीची आई उठली, देव्हाऱ्यातली चिठ्ठी काढली आणि सरांच्या हातावर ठेवली. मुलीनं आयटीआयला सर्व्हेअरचा फॉर्म भरला.

सर मागच्या वर्षी गेले. आता शाळेत दहावीची मुलं मोबाईलवर प्रश्न सोडवतात आणि कुठला कोर्स घ्यायचा त्याचं उत्तर लगेच येतं. चांगलंच असेल.

सरांच्या घरी दिवसकार्याला मी गेले, तर मांडवात हुपरीच्या त्या मुलीचे वडील बसलेले. मी जवळ जाऊन विचारलं, "पोरगी न्हाई आली?"

"मोजणी सुरू हाय शाहूवाडीकडं. रजा न्हाई मिळाली."

मग म्हणाले, "मावशी, खरं सांगू? राग हाय माझा सरांवर. अजून हाय. कामाला मानूस मिळत न्हाई."

मी म्हटलं, "व्हय."

जेवणं झाली, लोक पांगले. मी चपला शोधत होते. मुलीचे वडील उठले, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मांडवातल्या खुर्च्या एकेक करून मिटू लागले. शेवटची खुर्ची टेम्पोत जाईपर्यंत ते काही गेले नाहीत.