हॉलंडच्या पाहुण्यांबरोबर एक पंगत

एका आंतरराष्ट्रीय पेचप्रसंगाला मी एकटा कारणीभूत झालो होतो. इतिहासाने त्याची नोंद घेतली नाही, म्हणून ती मीच घेतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे होती. खाडीचे पाणी शिरून नापीक होणाऱ्या खारजमिनींचे काय करावे, याचा विचार करण्यासाठी देशोदेशींचे विद्वान आमच्या पनवेलात तीन दिवस जमणार होते. मी सतरा वर्षांचा, काकांकडे राहून पाठशाळेत संस्कृत शिकत होतो. परिषदेने आमची दिनचर्या पार पालटून टाकली. पाठशाळेत पाहुण्यांच्या खाटा पडल्या आणि आमचे अध्ययन देवळाच्या ओवरीत गेले. रस्त्यांवर दोन वेळा पाणी शिंपडले जाऊ लागले. (आमच्या आळीतल्या विहिरीने तळ गाठला, पण धूळ तृप्त होती!)

मला चिंता एकच होती. उद्घाटनाच्या सभेत, दुपारी तीन वाजता, स्वागताचे आठ श्लोक मी म्हणायचे होते. ते साक्षात आमच्या गुरुजींनी रचलेले. महिनाभर त्यांनी ते माझ्याकडून घोटून घेतले आणि शेवटी आशीर्वाद दिला, "एक विसर्ग जरी सांडलास, तर काव्यवर्गात पाऊल ठेवू देणार नाही!"

त्या दिवशी एकेका पाहुण्याने एकेका घरी जेवावे, असे स्वागत समितीने ठरवले. आमच्या वाट्याला हॉलंडचे एक गृहस्थ आले. ते दारातून वाकून आत आले आणि पाटावर बसल्यावरही माझ्यापेक्षा हातभर उंच राहिले.

काकांना परिषदेच्या मांडवात जायची घाई होती. त्यांनी मला बाजूला घेतले.

"हे बघ, पाहुण्याच्या आधी तू हात आखडलास, तर तो बिचारा लाजून अर्धपोटी उठेल. तो थांबेपर्यंत तुझं पान चालू राहिलं पाहिजे."

"पण काका, माझे श्लोक..."

"श्लोक तीनला आहेत. जेवायला काय तीन तास लागतात?"

मग माझ्याकडे बोट दाखवून ते पाहुण्यांशी इंग्रजीत काहीतरी बोलले आणि निघून गेले. मला इंग्रजी येत नव्हते. काकूंना तर नव्हतेच नव्हते.

मुंज झाल्यापासून मी जेवताना मौन पाळत असे. शेवटचे आचमन, म्हणजे उत्तरापोशन, घेईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नेम. मी पानाभोवती पाणी फिरवले, पाहुण्यांनी फिरवले. मी भाताच्या चित्राहुती घातल्या, त्यांनीही घातल्या. 'काय हा आदर!' असे वाटून माझे डोळे पाणावले.

पहिल्या चार पुरणपोळ्या भक्तिभावाने गेल्या. पाचवीला मी पाहुण्यांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत होते. मी एक घास घेतला. त्यांनी एक घास घेतला. आता हे थांबतील, मग मी थांबेन, अशा आशेने मी पान स्वच्छ केले. त्यांनीही केले.

"अगं बाई, दोघांची पानं रिकामी!" काकू धावल्या. "वाढते हं!"

मी कण्हून "हूं" म्हटले.

"हूं," पाहुणे म्हणाले.

"पाहिलंस? मौनसुद्धा पाळतोय गुणाचा! अजून दोन घ्याच!"

सातव्या पोळीला मी उपरण्याने कपाळ पुसले. त्यांनी गळ्यातल्या टायने पुसले. नवव्या पोळीला मी धोतराची गाठ सैल केली. पाहुण्यांनी क्षणभर विचार केला आणि पट्टा सोडला! तेवढ्यात आमच्या पोळ्या संपल्या. मी मनोमन देवाचे आभार मानले. पण काकू मागच्या दाराने शेजारणीकडे गेल्या होत्या.

"अहो, हॉलंडचा पाहुणा उपाशी राहील! असतील तेवढ्या द्या!"

आळीची अब्रू पणाला लागली, आणि शेजारणीने डबा भरून पोळ्या पाठवल्या. वर तूप!

अडीच वाजता टांगेवाला दारात आला. "ओ भटजी, येताव का नाय? घोडा कवाचा उबा हाय!"

मी हातानेच 'थांब' अशी खूण केली. पाहुण्यांनीही त्याला तशीच खूण केली.

"दोगांना बी वाचा नाय!" असे म्हणून तो मांडवाकडे परतला आणि काकांनाच घेऊन आला. काका घामाघूम झाले होते.

"अरे, सभा खोळंबली! गुरुजी व्यासपीठावर येरझाऱ्या घालतायत! आणि तू अजून जेवतोस? बोल की!"

मी कसा बोलणार? उत्तरापोशन व्हायचे होते! मी पाहुण्यांकडे बोट दाखवले. काकांनी त्यांना इंग्रजीत विचारले. त्यांनी प्रथम गंभीरपणे ओठांवर बोट ठेवून काकांना गप्प केले आणि मग माझ्याकडे बोट दाखवले.

काका मटकन खाली बसले. "अरे देवा! 'हा मुलगा करील तसं करा', असं मीच त्यांना सांगून गेलो होतो!"

मी तत्काळ आचमन घेतले. पाहुण्यांनी घेतले. मग एकमेकांच्या खांद्यांचा आधार घेत दोन राष्ट्रे उठली.

टांग्यातून मी थेट व्यासपीठावर गेलो. समोर देशोदेशींचे प्रतिनिधी, शेजारी गुरुजी आणि पुढ्यात ध्वनिक्षेपक. मी हात जोडले, डोळे मिटले, देवाचे स्मरण केले, दीर्घ श्वास घेतला, तोंड उघडले... आणि पहिल्या श्लोकाऐवजी त्यातून एक ढेकर निघाली. तेरा पोळ्यांची, गंभीर, खर्जातली, दीर्घकाळ टिकलेली! ध्वनिक्षेपकाने ती बंदरापर्यंत पोहोचवली असावी.

मग हे येथील मंगलाचरण असावे अशा समजुतीने पहिल्या रांगेतले प्रतिनिधी अदबीने उभे राहिले. ते पाहून दुसरी रांग उठली. बघता बघता सारी सभा मान खाली घालून उभी!

गुरुजींनी मला हळूच मागे ओढले आणि आठही श्लोक स्वतः म्हटले, एकही विसर्ग न सांडता. त्यांना लोकांनी बसूनच टाळ्या दिल्या.

काव्यवर्गात मला एक वर्ष उशिरा प्रवेश मिळाला. पुढे आयुष्यभर कीर्तने केली, प्रवचने केली. पण माझ्या आदरार्थ सभा उभी राहिली ती तेवढी एकदाच, आणि तेव्हा मी एक अक्षरही उच्चारले नव्हते!