धावपट्टीच्या कामावरून आलेला फोन

माझा धाकटा भाऊ सिव्हिल इंजिनिअर. शेजारी देशाशी हद्दीवरून जिथे वाद आहे, तिथल्या उंच डोंगरावरच्या हवाई तळाची जुनी धावपट्टी लांब आणि भक्कम करायच्या कामावर तो गेला. त्या उंचीवर पोचलं की आधी काही दिवस नुसतं पडून राहायचं, शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यायची, हा तिथला कडक नियम. पण आमच्या घरात दिवसाढवळ्या अंथरुणात दिसणं म्हणजे पापच! शहाणा दुसऱ्याच दिवशी उठून साइटवर हजर. का, तर थंडी पडायच्या आत काँक्रीट व्हायला हवं.

फुफ्फुसात पाणी भरलं त्याच्या. आई तेव्हा अमेरिकेत प्लेनोला माझ्याकडे आलेली, म्हणून कंपनीचा फोन इथे आला. तळावरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलंय, हवा बिघडल्यामुळे खाली आणता येत नाही, फोनची लाइनही लागत नाही, एवढंच कळलं. मी अशी चिडले की सांगता सोय नाही. "अक्कल गहाण टाकली होतीस का रे!" असं किचनमध्ये एकटीच ओरडत होते. ऑफिसच्या सगळ्या मीटिंगा कॅन्सल केल्या. आई फोन मांडीवर घेऊन बसून. "मीच त्याला कधी लोळू दिलं नाही गं," एवढंच एकदा म्हणाली.

एका सकाळी लेकीला शाळेत ड्रॉप करून आले, तर फोन स्पीकरवर चालू. "आई, बरा आहे मी." भावाचाच आवाज, धाप लागलेला. मी तिथेच खाली बसून रडले. मग फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला.

"काकू, घोर लावून घेऊ नका. साहेब वाचले बघा."

सांगलीकडचा जवान होता, दवाखान्यात मदतीला. दिवसरात्र तोच भावाच्या उशाशी बसलेला. देव असलाच तर असाच असणार, दुसरं काय!

आई फोनजवळ सरकली. "बाळा, तुझे उपकार..." म्हणता म्हणता थांबली. "तुझ्या घरी कोण असतं रे?"

"आई हाय."

"तिच्याशी कधी बोललास?"

"लै दिस झालं, काकू. लाइनच लागत नव्हती. आज लागली, तर आधी तुमचा नंबर लावला."

लेकाशी अजून धड चार शब्द बोलून झाले नव्हते आईचे.

"मग ठेव आता फोन," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता तिला लाव." आणि तिनेच बंद केला.